अकरा वर्षांच्या मुलाला जीटीए द्यायचा का?

मागच्या रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या एका सोसायटीत पालकांशी गप्पा होत्या, विषय नेहमीचाच, मुलं आणि मोबाईल. सगळं संपलं, लोक चहाकडे वळले, तेव्हा एक ताई बाजूला येऊन म्हणाल्या, मॅडम सगळ्यांसमोर विचारायला नको वाटलं. मुलगा सहावीत, ११ वर्षांचा. दिवाळीत मामाने प्लेस्टेशन घेऊन दिलंय आणि आता त्याला जीटीए फाइव्ह हा गेम हवाय कारण बिल्डिंगमधले तीन मित्र खेळतात. बाबा म्हणतात देऊन टाक, आम्ही लहानपणी कॉन्ट्रा या व्हिडिओ गेममध्ये दिवसभर गोळ्या झाडल्या, कोण गुंड झालं? आजी म्हणतात घरात रोज संध्याकाळी मारामारी नको. "आणि मी मधे. गेम हिंसक आहे हे मलाही दिसतंय, पण किती हिंसक म्हणजे जास्त, आणि माझ्या मुलाला चालेल की नाही हे मी ठरवायचं कसं?"

लिफ्टपाशी उभ्या उभ्या मी एवढंच म्हणाले की जीटीए आत्ता नको. पण त्यांचा खरा प्रश्न दुसरा होता, ठरवायचं कसं, आणि तो लिफ्टपाशी सुटणारा नाही. गेली १९ वर्षं मी मुलांचं समुपदेशन करते, अर्धा आठवडा शाळेत आणि अर्धा नौपाड्यात, आणि हा प्रश्न मला महिन्यातून तीनचारदा तरी येतो, म्हणून नीट लिहितेय.

आधी बाबांच्या मुद्द्याबद्दल, कारण तो उडवून लावण्यासारखा नाहीये. हिंसक गेम खेळल्याने मूल गुन्हेगार होतं असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रत्यक्षातल्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, पण त्याच वेळी हेही सांगितलं की ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडासा संबंध दिसतो. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या साधारण हजारएक मुलांचा अभ्यास केला, गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत रेटिंगवरून धरलं आणि आक्रमकपणाबद्दल पालकांनाही विचारलं, त्यात संबंध सापडला नाही. म्हणजे "हा गेम खेळून पोरगा कुणाला तरी मारेल" ही भीती बाजूला ठेवा, ती ठेवली की बाकीचं नीट दिसायला लागतं. पण पुढचं वाक्य बाबा जे म्हणतात, की म्हणून काहीही चालेल, ते चुकीचं आहे. कॉन्ट्रात अंगठ्याएवढा माणूस ठिपके मारायचा आणि ठिपके लागलेला दुसरा माणूस गायब व्हायचा. आजच्या गेममध्ये समोरचा माणूस घाबरतो, विनवण्या करतो, त्याचा चेहरा दिसतो. आणि कॉन्ट्रा खेळताना शेजारी चुलतभाऊ बसलेला असायचा, कानात कुणी अनोळखी माणूस बोलत नव्हता.

आता जीटीए फाइव्ह. २०१३ चा गेम. अमेरिकेतलं ईएसआरबीचं रेटिंग एम म्हणजे १७ वर्षांवरच्यांसाठी, युरोपातलं पेगीचं रेटिंग १८. बहुतेक आयांना वाटतं की यात गाड्या पळवायच्या, पोलिसांना चुकवायचं, एवढंच. मुलंही तेवढंच सांगतात, आणि खोटं नाही सांगत, त्यांना खरंच गाड्याच आवडतात. पण त्याच गेममध्ये स्ट्रिप क्लब आहे, ड्रग्ज आहेत, नको तेवढी शिवीगाळ आहे आणि कथेत एक मिशन असं आहे की खुर्चीला बांधलेल्या माणसाचा छळ करायचा असतो, आणि तो नुसता बघायचा नसतो, कोणतं हत्यार ते निवडायचं आणि बटण दाबून आपल्या हाताने करायचा. ११ वर्षांच्या मुलाने हे करण्याची काही गरज नाही. यात मला घोळ घालायचाच नाही, १३ ला पण मी नाहीच म्हणेन.

पण प्रत्येक गेम जीटीएइतका सरळ नसतो, म्हणून ठरवायची रीत सांगते.

रेटिंग बघाच. सिनेमाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट असतं तसं गेमसाठी आपल्याकडे नाही, पण प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा आकडा असतो, त्यावर टॅप केलं की कशामुळे दिलाय ते पण येतं. डिस्कच्या कव्हरवर बहुतेक वेळा ईएसआरबी किंवा पेगी असतं. आकड्यापेक्षा त्याच्याखालच्या ओळी वाचा, खरी माहिती तिथे असते, म्हणजे हिंसा आहे की रक्त आहे की शिव्या आहेत की जुगारासारखं काही आहे. आकडा म्हणजे अंदाज. स्पायडरमॅनचा २०१८ चा प्लेस्टेशनवरचा गेम घ्या, अमेरिकेत तो १३ वर्षांवरच्यांसाठी आणि युरोपात १६. गेम एकच, बघणारे वेगळे. आणि दुसरी गोष्ट, ऑनलाइन खेळताना माणसं एकमेकांशी काय बोलतात हे त्या वयाच्या आकड्यात सहसा धरलेलं नसतं. माझ्या अनुभवात मुलांना जो त्रास होतो त्यातला निम्माअधिक तिथूनच येतो.

मागे वर्तकनगरचा एक मुलगा यायचा, सातवीतला. आईची तक्रार होती की बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा टीमने खेळायचा गोळीबाराचा गेम, खेळून चिडका झालाय, पाटावरून उठून जातो, बहिणीला मारतो. पहिले दोन वेळा आला तेव्हा तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, मला शिकव, मला खरंच येत नाही. त्याने माझ्या हातात फोन दिला आणि मागून सांगायला लागला, "मॅडम, इथे उघड्यावर नका पळू, भिंतीला चिकटा, कान द्या, पायांचा आवाज डावीकडून येतोय." मी दहा सेकंदांत मेले. तो हसला, पहिल्यांदा. मग स्वतः खेळून दाखवलं आणि मी स्क्रीन सोडून त्याच्याकडे बघत बसले. गोळीबार चालू असताना त्याचा चेहरा अगदी शांत, लक्ष देऊन गणित सोडवतो तसा. रक्त हिरव्या रंगाचं दाखवतात हे पण त्यानेच दाखवलं, "हे बघा, हिरवं आहे, खरं नाही वाटत." मग मॅच संपता संपता टीममधला कुणीतरी मोठा माणूस, आवाजावरून पंचविशीचा, त्याला आईवरून शिवी देऊन म्हणाला की तुझ्यामुळे हरलो. पोराचे कान लाल झाले. फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "रोज असंच असतं."

मग मला कळलं की बहिणीला मारतो ते कुठून येतंय. बंदुकीतून नाही आलेलं, त्या शिवीतून आलंय. त्याच्या घरी आम्ही गेम बंद नाही केला. व्हॉइस चॅट बंद केलं, आणि खेळायचं तर फक्त ओळखीच्या चार मित्रांबरोबर. महिन्याभरात आई म्हणाली बराच निवळला. सगळ्यांचं इतक्या सहज निवळतं असं नाही, पण नेमकं काय खुपतंय हे त्याच्या शेजारी बसल्याशिवाय मला कळलं नसतं, आईला सहा महिने कळलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की स्क्रीनवर रक्त किती सांडतं हे मोजत बसू नका, गेम मुलाच्या हातून काय करवून घेतोय ते बघा. झोंबी मारणं, रोबो मारणं, समोरच्या टीमला बाद करणं हे खोखोच्या जातीचं आहे, मूल त्याला खेळच समजतं. फोर्टनाइटमध्ये बाद झालेला माणूस नाहीसा होतो, रक्त नाही, मेलेला देह नाही. माइनक्राफ्टमध्ये तर बहुतेक वेळ बांधकामच चालतं. पण ज्या गेममध्ये असहाय माणसाला त्रास दिल्याबद्दल पॉइंट मिळतात, रस्त्यावरून जाणाऱ्याला तुडवलं तर गंमत म्हणून दाखवतात, बायकांना वस्तूसारखं वापरलं जातं, तिथे रक्ताचा एक थेंब नसला तरी मी लहान मुलाला देणार नाही. आणि गेममध्ये मारल्यावर काही परिणाम होतो का हेही बघा, कुणी रडतं का, पोलीस येतात का, की पुढच्या मिनिटाला सगळं जसंच्या तसं.

लहान मुलांच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट, जिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना हिंसेपेक्षा भीतीचा त्रास जास्त होतो. दिसायला टेडीसारखी रंगीत बाहुली असते, खेळण्यांच्या दुकानात तिचे पिलो मिळतात, म्हणून आईबाबांना वाटतं लहान मुलांचंच काहीतरी असेल, आणि असतो तो भयपटासारखा गेम, बाहुली अंधारातून दात काढून अंगावर येते. माझ्याकडे तिसरीतली एक मुलगी आली होती, दोन महिने एकटी बाथरूमला जात नव्हती, आई दारात उभी राहायची. गेम तिने खेळलाच नव्हता, मावसभावाच्या फोनवर कुणाचा तरी खेळतानाचा व्हिडिओ बघितला होता. हेही लक्षात ठेवा, गेम घरात आणला नाही म्हणजे मुलाने बघितला नाही असं नसतं. असे व्हिडिओ दाखवणाऱ्या, स्ट्रीम करणाऱ्यांच्या तोंडची भाषा एकदा स्वतः ऐका, कधीकधी गेमपेक्षा तीच जास्त वाईट असते.

मूल कसं आहे हा यातला मोठा भाग. एकाच वयाची दोन मुलं सारखी नसतात. एखादा बारा वर्षांचा लढाईचा गेम तासभर खेळतो, बंद करतो, खाली क्रिकेटला जातो, विसरून जातो. दुसरा त्याच्याच वयाचा, रात्री झोपेत बडबडतो. घरात भांडणं असतील, मुलाने मार खाल्लेला असेल किंवा आईला मार खाताना बघितलं असेल, तर पडद्यावरची मारहाण त्याला आतून वेगळ्या ठिकाणी लागते, तिथे मी वयाच्या आकड्यापेक्षा बरंच मागे राहायला सांगते. ज्याला एका जागी बसणं, हातातलं काम थांबवणं आधीच जड जातं त्याच्या बाबतीत प्रश्न हिंसेचा नसून थांबण्याचा असतो. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर काही दिवस असले गेम बाजूला ठेवा. आणि ज्याला शाळेत कुणी जवळ करत नाही असा मुलगा गेममध्ये टीमचा लीडर असू शकतो, त्याचा गेम झटक्यात काढून घेऊ नका, त्याचा तेवढाच एक मान असतो.

ताई, आता प्रत्यक्ष काय करायचं. गेम मुलाला द्यायच्या आधी त्याचं गेमप्ले यूट्यूबवर अर्धा तास बघा, ट्रेलर नको, ट्रेलर म्हणजे जाहिरात. सुरुवातीचा भाग नको, मधला बघा. मग द्यायचा ठरला तर पहिले तीन-चार दिवस हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीवर, हेडफोन न लावता, आणि तुम्ही नाहीतर बाबा शेजारी. भाजी निवडत बसा हवं तर, पण बसा. "हा माणूस कोण? त्याला का मारायचं? तुला यातलं काय आवडतं?" असं विचारा, परीक्षा घेतल्यासारखं नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारा, मुलं फार आनंदाने सांगतात. आणि खेळून झाल्यानंतरचा अर्धा तास नीट बघा. माझा सगळ्यात जास्त भरवसा त्या अर्ध्या तासावर आहे. उठल्यावर तो भूक लागली म्हणतो की दार आपटतो? धाकट्याशी नीट बोलतो का? झोप लागते का? आठवडाभर कॅलेंडरवर एक शब्द लिहून ठेवा, शांत, चिडका, उत्साही, जे असेल ते. सात शब्द झाले की बरंचसं तुमचं तुम्हालाच दिसेल.

चिडण्याबद्दल एक सांगायलाच हवं, यात बऱ्याचदा चूक आपली असते. बीजीएमआयसारख्या गेममध्ये १०० जण विमानातून उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो, एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि मधे थांबवता येत नाही. मूल शेवटच्या दहात आलंय, मागे तीन मित्र त्याच्या भरवशावर आहेत आणि आपण स्वयंपाकघरातून ओरडतो "आत्ताच्या आत्ता जेवायला ये", वर वायफाय बंद करतो. मग तो किंचाळतो आणि आपण म्हणतो बघा गेममुळे हिंसक झाला. कॅरमच्या शेवटच्या सोंगटीला कुणी बोर्ड उलटवला असता तर आपणही किंचाळलो असतो. तास मोजू नका, मॅच मोजा. "दोन मॅच, मग जेवण" हे मुलाला पाळता येतं, आणि दुसरी सुरू करायच्या आधी तुम्ही घड्याळ बघून सांगायचं की वेळ आहे की नाही. बीजीएमआय बंदीनंतर २०२३ च्या मे मध्ये परत आला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली होती, पण आधी तर तीन तास शाळेच्या दिवशी फारच झाले, आणि दुसरं म्हणजे बरीच मुलं बाबांच्या नंबरावर मोठ्यांचं अकाउंट काढून बसतात, तेव्हा ती मर्यादा त्यांना लागतच नाही. अकाउंट कुणाच्या वयाचं आहे ते आजच बघा.

पैशाचं पण. फुकटचे गेम फुकट नसतात, बंदुकीचा रंग, कपडे, यूसी आणि डायमंड ही गेममधली नाणी, सगळं विकत. घरच्या फोनला यूपीआय जोडलेलं असेल आणि पिन मुलाला माहीत असेल तर हा गेम हिंसक आहे का याच्या आधी तो पिन बदला.

प्लेस्टेशनमध्ये मुलाचं वेगळं अकाउंट काढता येतं, त्यात वय टाकलं की त्या वयाच्या वरचे गेम पालकांच्या परवानगीशिवाय चालू होत नाहीत, मित्राने डिस्क आणून दिली तरी. चॅट आणि खर्च पण तिथेच बंद करता येतं. अँड्रॉइड फोनला गूगल फॅमिली लिंक आहे. हे लावताना मुलाला समोर बसवून लावा, चोरून लावलंत तर तो चोरूनच काढायला शिकेल. आणि दोस्ताने पाठवलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल, टाकून जुना जीटीए फोनवर खेळणारी बरीच पोरं आहेत, तिथे ना रेटिंग ना काही, शिवाय फोनमध्ये काय शिरेल सांगता येत नाही.

आता मित्रांचं. तीन मित्र खेळतात हे तुमच्या मुलासाठी छोटं कारण नाहीये. टॉवरमधल्या मुलांना खाली पोडियमवर बसून बोलायला काहीतरी सामाईक लागतं, आणि सध्या ते गेम आहे. त्याला सांगताना "घाणेरडा गेम आहे" म्हणू नका, म्हणजे मग मित्रही घाणेरडे झाले. असं सांगा की मी बघितला, त्यात माणसाला बांधून छळायचं एक मिशन आहे, ते तुझ्या हातून व्हावं असं मला वाटत नाही, मोठा झालास की परत बोलू, आज माझं उत्तर नाहीच. रडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. पण नुसतं नाही म्हणून सोडू नका, गाड्या आवडतात तर ग्रॅन तुरिस्मो सेव्हन आहे, त्याला पेगी ३ आहे आणि गाड्या जीटीएपेक्षा कितीतरी खऱ्या. फुटबॉलचा गेम आणा आणि त्या तीन मित्रांना रविवारी घरी बोलवा, दोन कंट्रोलर, पोहे, आणि बाबांना पण खेळायला बसवा. आणि जमलं तर त्या तिघांच्या आयांशी बोला. पालकसभेत मी दरवेळी बघते, प्रत्येक आईला वाटत असतं की बाकी सगळ्यांनी परवानगी दिलीय म्हणून मी दिली.

आजींनाही सांगा की त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी घरात गोळ्यांचा आवाज नको असेल तर ती वेळ सोडून खेळता येतं, घर सगळ्यांचं आहे.

काळजी कधी करायची ते सांगते. चिडणं, हट्ट, एखादा दिवस अभ्यास बुडवणं, हे होतं. पण झोप मोडायला लागली, आवडता मैदानी खेळ सोडला, पैसे चोरले, खोटं वाढलं, लहान मुलाला किंवा प्राण्याला मुद्दाम दुखवून त्याला काहीच वाटेनासं झालं, गेम काढल्यावर जिवाचं बरंवाईट करीन म्हणाला, तर वाट बघू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून ती यादी लागू झाली, त्यात साधारण १२ महिने ताबा सुटलेला असणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं असं बघतात. तेवढं थांबायचं असा त्याचा अर्थ नाही, ते निदान डॉक्टरांनी करायचं, आपण दोन-तीन आठवड्यांत भेटायचं. जिवाचं बोलला तर त्याच दिवशी. रात्रीबेरात्री सुद्धा १४४१६ ला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करता येतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि ऑनलाइन कुणी मोठा माणूस फोटो मागत असेल, एकटं भेटायला बोलावत असेल तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला १०९८ वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या १९३० ला कळवा आणि मुलाला एका शब्दाने रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

येत्या शनिवारी बाबांना अर्धा तास जीटीएचं ते मिशन यूट्यूबवर बघायला लावा, एकट्याने, मुलगा खाली गेलेला असताना. कॉन्ट्राबद्दल त्यांचं म्हणणं त्यानंतर ऐकू, आणि फुटबॉलच्या गेमसाठी दुसरा कंट्रोलर त्यांनीच आणायचा.